दुर्बिणीच्या तपासणीनंतर घरी आल्यावर दुखतंय: थांबायचं की निघायचं?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ५८ वर्षांच्या. दोनेक वर्षं भाकरीचा घास घशात अडकायचा, म्हणून काल सकाळी जिल्ह्याच्या गावी दुर्बिणीची तपासणी केली. गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. दुपारी घरी सोडलं आणि दीड तासाचा प्रवास करून तुम्ही गावी पोचलात. रिपोर्टवर 'पोस्ट-क्रिकॉइड वेब, डायलेटेशन केले' असं लिहिलंय. रात्री घसा दुखत होता, आज दुपारपासून मानही दुखायला लागली आहे. पोट फुगलंय आणि सकाळची संडास काळी झाली. आईंना मधुमेह आहे, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. हॉस्पिटलचा फोन कुणी उचलत नाही. मेडिकलवाल्यांनी गॅसची आणि दुखण्याची गोळी दिली. तुम्ही विचारताय, हे नॉर्मल आहे का, की तपासणीत काही चुकलं?

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, दुर्बिणीच्या तपासण्या हे माझं रोजचं काम. आत्ता काय करायचं ते आधी सांगते, कारणं नंतर.

आईंना आजच, आत्ताच, सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही असलेल्या हॉस्पिटलात घेऊन जा. जिथे तपासणी झाली तिथे ही सोय असेल तर तिथेच, नसेल तर जिथे असेल तिथे. तिथले डॉक्टर बघेपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका. चहा नाही, पाणी नाही, गोळीसुद्धा नाही. दुखण्याची गोळी देऊन 'बघू सकाळी' असं करू नका. श्वास लागत असेल, घाम फुटत असेल, त्या गळून गेल्यासारख्या वाटत असतील तर स्वतःच्या गाडीची जुळवाजुळव करत बसण्यापेक्षा १०८ ला फोन लावा. उरलेलं गाडीत बसल्यावर वाचा.

घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. बहुतेक वेळा असं दुखणं साधंच निघतं आणि पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जातो. पण तुमच्या वर्णनात दोन गोष्टी अशा आहेत की त्या लिहून किंवा फोनवर बोलून निस्तरता येत नाहीत. एक म्हणजे आत नुसतं बघितलेलं नाही, अरुंद जागा रुंद केली आहे; रिपोर्टवरचं 'डायलेटेशन' म्हणजे तेच. दुसरी म्हणजे दुखणं काल होतं त्यापेक्षा आज वाढलंय, आणि घशातून मानेत उतरलंय.

'नॉर्मल आहे का' याचं सरळ उत्तर देता येत नाही, कारण तेच दुखणं एकाला नॉर्मल असतं आणि दुसऱ्याला नसतं. असा फोन आला की मी तीन गोष्टी विचारते: आत नेमकं काय केलं, तेव्हापासून तासागणिक दुखणं कुठल्या दिशेने चाललंय, आणि पेशंट मुळात कसा आहे, म्हणजे वय, साखर, हृदय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. ही तिन्ही उत्तरं जुळवली की थांबायचं की निघायचं हे बहुधा ठरतं.

आत काय केलं, हे नातेवाइकांना बऱ्याचदा माहीतच नसतं. सगळ्यालाच आपण 'दुर्बीण टाकली' म्हणतो. नुसतं बघून बाहेर येणं, किंवा जठरातला एखादा तुकडा तपासणीला घेणं, हे खरोखर सुरक्षित काम आहे. त्यात अन्ननलिकेला किंवा जठराला भोक पडण्याचं प्रमाण अडीच हजारांत एक ते अकरा हजारांत एक असं मानलं जातं. अरुंद झालेली अन्ननलिका रुंद केली की हा धोका वाढतो आणि साधारण हजारात एक ते चारपर्यंत जातो. अकॅलेशिया नावाच्या आजारात मोठा फुगा फुगवून खालची घट्ट झडप ताणतात, तिथे तो शंभरात दोनच्या आसपास असतो. म्हणजे एकाच खोलीत, एकाच टेबलावर, एकाच दुर्बिणीने केलेल्या कामांत इतका फरक असतो. म्हणून रिपोर्टवरची 'काय केले' ही ओळ वाचायची सवय लावा. समजली नाही तर डिस्चार्जच्या वेळी सिस्टरना विचारा, 'फक्त बघितलं, की आणखी काही केलं?'

आईंच्या रिपोर्टवरचा 'वेब' म्हणजे अन्ननलिकेच्या अगदी सुरुवातीला, स्वरयंत्राच्या मागे, आडवा आलेला पातळ पडदा. आपल्याकडे तो प्रामुख्याने बायकांमध्ये दिसतो आणि त्यांचं रक्त जवळजवळ नेहमीच कमी असतं. वर्षानुवर्षं लोह कमी, नखं चपटी-खोलगट, जीभ गुळगुळीत, ओठांचे कोपरे फाटलेले, आणि घन घास घशात अडकतोय. या सगळ्याला मिळून प्लमर-विन्सन सिंड्रोम म्हणतात. या बायका वर्षानुवर्षं भाकरी दुधात कुस्करून खातात, घास छोटा करतात, सगळ्यांचं झाल्यावर सावकाश जेवतात, आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या आईंची दोन वर्षंही बहुधा अशीच गेली असतील. तपासणी व्हायला हवीच होती आणि पडदा फाडायलाही हवाच होता.

पडदा रुंद करताना एक बारीक तार खाली सरकवतात आणि तिच्यावरून निमुळती होत गेलेली नळी हळूहळू पुढे नेतात. काही ठिकाणी फुगा वापरतात. पडदा फाटतो, थोडं रक्त येतं. फाटणं हाच तर उपचार आहे. त्यामुळे पहिल्या रात्री घसा दुखणं, गिळताना टोचणं, थुंकीत रक्ताची एखादी रेघ दिसणं अपेक्षितच असतं. हे दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणीला लागलेलं हवं. पेशंटने आपणहून कोमट दूध मागायला हवं.

पण फाट पडद्यापुरती न राहता अन्ननलिकेच्या भिंतीच्या आरपार गेली, तर दुखणं चढत जातं. आतड्यांना बाहेरून एक मजबूत आवरण असतं, ते अन्ननलिकेला नाही. त्यामुळे आतली हवा आणि लाळ थेट मानेच्या मऊ भागात शिरते. लाळेत जंतू असतात, आणि मानेतून छातीच्या पोकळीत उतरायला त्यांना मोकळी वाट असते. म्हणूनच घशात सुरू झालेलं दुखणं मानेत आलं, मग छातीत किंवा दोन खांद्यांच्या मधोमध पाठीत गेलं, की आम्ही ताबडतोब उठून बसतो.

मी पेशंटला समोर बसवते आणि हनुवटी छातीला लावायला सांगते. साधी घसादुखी असेल तर मान वाकते. मग कानाखालून हसळीच्या हाडापर्यंत, दोन्ही बाजूंनी, बोटांच्या पेरांनी हलकेच दाबत जाते. कातडीखाली हवा शिरलेली असेल तर बोटांखाली चुरचुर जाणवते, कोरड्या बारीक वाळूत बोट दाबावं तशी. कधी हसळीच्या वरचा खळगा भरल्यासारखा दिसतो, आवाज बदललेला असतो, नाकातून बोलल्यासारखा येतो. पेशंट लाळसुद्धा गिळायला घाबरतो आणि जवळ वाटी किंवा रुमाल घेऊन बसतो. यातलं काही दिसलं तर शंका उरत नाही. मात्र काहीच दिसलं नाही तरी भोक नाही असं म्हणता येत नाही, म्हणून घरी मान दाबून बघून निर्णय घेऊ नका.

ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका, विशेषतः मधुमेह असताना. अशा पेशंटला ताप उशिरा येतो, कधी येतही नाही. त्याआधी नाडी वाढते. शांत पडलेल्या माणसाची नाडी मिनिटाला शंभराच्या वर जात असेल तर ती मला तापाइतकीच महत्त्वाची वाटते. घरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर त्यावर ऑक्सिजनबरोबर नाडीही दिसते. ते दोन्ही आकडे वेळेसकट लिहून घ्या.

हॉस्पिटलात गेल्यावर आधी छातीचा आणि मानेचा एक्स-रे काढतील. तो सुरुवातीच्या तासांत अगदी स्वच्छ येऊ शकतो, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे, घरी जा' एवढ्यावर समाधान मानू नका. मानेचा आणि छातीचा सीटी स्कॅन, शक्यतो पाण्यात विरघळणारं रंगाचं औषध घोटभर पाजून केलेला, हीच खरी तपासणी. 'डायलेटेशननंतर मान दुखतेय, भोक पडलं आहे का ते बघायचंय' एवढं वाक्य तुम्ही स्पष्ट बोललात तर कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टरही बरोबर दिशेने विचार करतो. 'गॅसमुळे त्रास होतोय' म्हणालात तर तोही आधी गॅसच धरून चालेल.

भोक पडलं असं निघालंच तर? मानेतलं छोटं भोक, लवकर सापडलं, तर अनेकदा ऑपरेशनशिवाय भरून येतं. काही दिवस तोंडाने काही नाही, शिरेतून अँटिबायोटिक, खाणं नाकातून घातलेल्या नळीने किंवा सलाईनमधून, आणि रोज बारीक नजर. पू साठला तर मानेत छोटा छेद देऊन तो काढावा लागतो. छातीतलं भोक जास्त अवघड असतं; तिथे कधी दुर्बिणीतूनच क्लिप किंवा स्टेंट (जाळीची नळी) लावतात, कधी ऑपरेशन करावं लागतं. या सगळ्यात वेळेला फार किंमत आहे. २४ तास उलटून गेल्यावर निदान झालं तर परिणाम स्पष्टपणे वाईट होत जातात, ही गोष्ट आमच्या विषयात सर्वमान्य आहे. तपासणी काल सकाळची, म्हणजे तुमचे तितके तास होऊनही गेले आहेत, म्हणून मी आधी गाडीत बसायला सांगितलं.

आता काळ्या संडासबद्दल. इथे मी तुम्हाला थोडा दिलासा देऊ शकते. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी, हिरवट-काळी होतेच. ती घट्ट असते आणि तिला वेगळा वास नसतो. रक्तस्राव झाला असेल तर ती डांबरासारखी काळी, चकचकीत, चिकट असते, भांड्याला चिकटून राहते, आणि तिचा वास असा उग्र असतो की एकदा घेतला की विसरत नाही. पडदा फाटताना थोडं रक्त गिळलं गेलं असेल तर एखादी संडास गडद होऊ शकते. पण पुन्हा पुन्हा होणारी पातळ काळी संडास, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभं राहिल्यावर चक्कर, हे झालं तर रक्तस्राव धरूनच चालायचं. आईंचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, त्यामुळे दुसऱ्याला सहज झेपेल एवढा रक्तस्रावही त्यांना झेपणार नाही. लोहाची शेवटची गोळी कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा.

पोट फुगणं बहुतेक वेळा खरोखरच हवेचं असतं. आतलं नीट दिसावं म्हणून आम्ही हवा भरतो आणि निघताना शक्य तेवढी काढून घेतो, पण थोडी राहतेच. काही ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो लवकर शोषला जातो आणि त्रास कमी होतो. ढेकर येतात, वारा सरतो आणि संध्याकाळपर्यंत पोट हलकं होतं. मऊ, फुगलेल्या, वाजणाऱ्या पोटाची मला काळजी नाही. पोट लाकडासारखं कडक झालं, हलल्यावर कळ मारायला लागली, वारा सरायचा बंद झाला, तर ते पोट हवेचं नव्हे.

ज्यांची नुसतीच तपासणी झाली आहे असे बरेच लोक हे वाचत असतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. दुर्बिणीच्या तपासणीतला धोका म्हटलं की सगळ्यांना भोक पडणं आठवतं. प्रत्यक्षात नोंद झालेल्या त्रासांतला मोठा वाटा, काही अंदाजांनुसार ६० टक्क्यांपर्यंत, हृदय, फुप्फुस आणि गुंगीच्या औषधाशी जोडलेला असतो. मिडॅझोलॅम, फेंटानिल, प्रोपोफॉल ही औषधं श्वास मंदावतात आणि रक्तदाब उतरवतात. खोलीत मॉनिटर असतो, ऑक्सिजन असतो, उतारा असतो. घरी यातलं काही नसतं. माणूस उठून चालला, बोलला, बिलावर सही केली, म्हणजे गुंगी उतरली असं नाही. म्हणूनच २४ तास गाडी चालवू नका, दारू घेऊ नका, जमिनीच्या किंवा बँकेच्या कागदांवर सही करू नका असं आम्ही सांगतो. रात्री झोपेची गोळी घेणारे पेशंट त्या रात्री ती घ्यायची का हे विचारतच नाहीत. विचारा. वयस्कर, जाड, घोरणाऱ्या माणसाजवळ त्या रात्री कुणीतरी झोपावं.

घशात मारलेल्या सुन्न करणाऱ्या स्प्रेचा असर अर्धा ते एक तास राहतो. तेवढ्या वेळात 'सकाळपासून उपाशी आहेत' म्हणून नातेवाईक प्रेमाने चहा पाजतात आणि तो श्वासनलिकेत जातो. आधी चमचाभर पाणी देऊन बघायचं. ठसका न लागता गेलं तरच पुढचं. तपासणीच्या वेळी किंवा नंतर उलटी झाली असेल, ठसका लागला असेल, आणि एक-दोन दिवसांत ताप, खोकला, दम सुरू झाला तर छातीचा फोटो काढायलाच हवा.

पन्नाशीपुढच्या माणसाला, त्यातून मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर, तपासणीनंतर छातीत जड वाटलं की मी आधी ईसीजी सांगते. दुर्बिणीने घशाला त्रास झालाय म्हणून छातीत दुखत असेल, असं सगळ्यांनाच वाटतं, पेशंटलाही. पण मुळात या माणसाला 'ॲसिडिटी' म्हणून दुर्बिणीला पाठवलेलं असतं. ती ॲसिडिटी कधी कधी हृदयाची असते. उपाशी राहिल्यामुळे त्या सकाळी रक्तदाबाची, हृदयाची गोळीही चुकलेली असते. ईसीजीला दहा मिनिटं लागतात आणि तो तालुक्याच्या गावीही निघतो. डाव्या हातात, जबड्यात कळ, घाम, दम यातलं काहीही सोबत असेल तर पोटाच्या डॉक्टरांना शोधत बसू नका.

मधुमेहाचं आईंनाही लागू आहे. त्यांना आता तोंडाने काही द्यायचं नाही, म्हणजे ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा नेहमीचं इन्सुलिन सवयीने दिलं तर साखर धाडकन खाली येऊ शकते. घरी मशीन असेल तर निघण्याआधी साखर बघा. ती ७० च्या खाली असेल तर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य तेच सांगा, म्हणजे ते शिरेतून ग्लुकोज देतील. त्या डॅपाग्लिफ्लोझिन किंवा त्या गटातली दुसरी गोळी घेत असतील तर तेही सांगा. ही गोळी चालू असताना लांबलेला उपास आणि पाण्याची कमतरता यांमुळे कधी कधी साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं. उलट्या होतात, दम लागतो, पोट दुखतं, आणि साखरेचा आकडा बरा दिसतो म्हणून कुणाला संशय येत नाही.

काही त्रास उशिराने येतात, तेवढे लक्षात असू द्या. यकृताच्या आजारात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावतात. लावल्यावर एक-दोन दिवस छातीत दुखतं, गिळताना अडतं. पुढे बँड गळून पडतो आणि त्या जागी व्रण राहतो. त्यातून रक्तस्राव व्हायचा असेल तर तो साधारण एक ते दोन आठवड्यांच्या आत होतो, म्हणजे घरी सगळे निर्धास्त झाल्यावर. मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) काढल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत सावध राहावं. लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडा घेतल्यावर क्वचित, विशेषतः लहान मुलांत किंवा प्लेटलेट कमी असताना, भिंतीत रक्त साठून गाठ होते. मूल दोन दिवसांनी पोट धरून हिरव्या उलट्या करायला लागतं. सलाईन लावलेल्या हाताची शीर लाल, टणक होणं मात्र नेहमीचं आहे. कोमट शेकाने आठवड्याभरात उतरतं. ओठ फुटणं, जबडा अवघडणं, कानाखालची लाळेची गाठ काही तास फुगणं, याने घाबरू नका. दात आधीच हलत असेल तर तपासणीपूर्वी सांगावं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण हा प्रश्न इतक्या वेळा येतो की सांगून टाकते. 'तपासणी आहे, म्हणून मी आठवडाभर आधीच ॲस्पिरिन बंद केली,' असं पेशंट अभिमानाने सांगतात. नुसत्या तपासणीसाठी किंवा साध्या बायोप्सीसाठी ॲस्पिरिन बंद करावी लागत नाही. हृदयात स्टेंट असताना अशा गोळ्या आपल्या मनाने बंद करणं हे दुर्बिणीच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठं संकट आहे. बंद करायची की नाही, कधी, आणि परत कधी सुरू करायची, हे लेखी घ्या. परत सुरू करायची तारीख लिहून घ्यायची बहुतेकांची राहून जाते.

हॉस्पिटलचा फोन कुणी उचलत नाही, हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. बोस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलातला २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना आवर्जून सांगते. बाहेरून येऊन त्याच दिवशी घरी गेलेल्या पेशंटच्या सुमारे १८ हजार तपासण्या त्यांनी पाहिल्या, त्यातल्या ६,३८३ वरच्या मार्गाच्या, म्हणजे तोंडातून केलेल्या. पुढच्या १४ दिवसांत कोण इमर्जन्सीत आलं, कोण भरती झालं, हे कॉम्प्युटरवरून शोधलं. तपासणीशी संबंध असलेल्या १३४ इमर्जन्सी भेटी आणि ७६ भरती सापडल्या. डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने स्वतः नोंदवलेल्या गुंतागुंती होत्या फक्त ३१. वरच्या मार्गाच्या तपासणीनंतर साधारण शंभरात एक माणूस त्या कारणाने हॉस्पिटलात परत आला होता, आणि सगळ्यात जास्त लोक पोटदुखीमुळे आले होते.

या आकड्यांतून मी घेते ते एवढंच: आमच्या खोलीतून पेशंट हसत चालत बाहेर जातो, आणि पुढचं आम्हाला कळत नाही. कळण्याचा एकच रस्ता आहे, तो म्हणजे घरच्यांचा फोन. तो उचलणारं माणूस नसेल तर पेशंटला त्याच दिवशी घरी सोडायची पद्धतच अर्धवट राहते. माझ्या ठिकाणी डायलेटेशन, बँडिंग, पॉलिप काढणं यांतलं काही झालं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सिस्टर स्वतः फोन करतात आणि 'बरं आहे ना' असं न विचारता 'काल रात्रीपेक्षा दुखणं कमी की जास्त, आणि सकाळी काय खाल्लं' असं विचारतात. 'बरं आहे ना' ला आपल्याकडे सगळे 'हो' म्हणतात. लांबच्या गावाहून आलेल्या, सोबत फारसं कुणी नसलेल्या पेशंटला डायलेटेशननंतर मी त्या रात्री ठेवूनच घेते. ते सगळ्यांना परवडतं असं नाही, आणि सगळीकडे बेड असतो असंही नाही, हे मला माहीत आहे. म्हणून निदान चालू असलेला एक नंबर आणि 'हे झालं तर निघा' असं मराठीत लिहिलेला कागद हातात पडला पाहिजे, आणि तो मागणं हा तुमचा हक्क आहे.

'तपासणीत काही चुकलं का' याचं उत्तर. भोक पडणं किंवा रक्तस्राव होणं म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं नाही. सगळं नीट करूनही हे घडतं. म्हणून तर त्याचा आकडा आधी सांगून संमतीपत्रावर सही घेतात, किंवा घ्यायला हवी. तो आकडा तुम्हाला कुणी सांगितला होता का, नंतरचा त्रास कुणी ऐकून घेतला का, हे मात्र विचारण्यासारखे प्रश्न आहेत. ते आईंना बरं वाटल्यावर, कागद समोर ठेवून शांतपणे विचारा. आज रात्री भांडणात शक्ती घालवू नका. ज्यांनी डायलेटेशन केलं त्या डॉक्टरांना आत किती रुंद केलं, तार सहज गेली का, रक्त किती आलं हे माहीत असतं, आणि सीटी बघणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. त्यामुळे दुसऱ्या हॉस्पिटलात गेलात तरी कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना त्यांच्याशी बोलायला सांगा.

सोबत दुर्बिणीचा रिपोर्ट, फोटो, गुंगीच्या औषधाची नोंद असलेला कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधीच्या हिमोग्लोबिनचे रिपोर्ट घ्या. मेडिकलमधून आणलेली गोळी दिली असेल तर तिचं पाकीट आणि वेळही सांगा. डायक्लोफिनॅकसारख्या गोळीने दुखणं तात्पुरतं दबतं आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते, शिवाय रक्तस्रावाचा धोका वाढतो. साध्या घसादुखीला पॅरासिटामॉल आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरतात. पण तुमच्याकडे साधी घसादुखीच आहे हे अजून ठरायचंय.

सीटी स्वच्छ निघाला, दुखणं उतरलं, तर एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, आणि आठवड्याभरात आई भाकरीवर येतील. तेव्हा दोन गोष्टी सोडू नका. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन भरल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायच्या असतात, नाहीतर शरीरातला साठा रिकामाच राहतो आणि पडदा पुन्हा धरू शकतो. आणि या वयात लोह कमी का झालं, याचा शोध घ्यावा लागतो: पोटातून कुठे हळूहळू रक्त जातंय का, मूळव्याध आहे का, सीलिॲक आजार (गव्हातलं ग्लुटेन आतड्याला न सोसणं) आहे का. प्लमर-विन्सनच्या पेशंटमध्ये घशाच्या खालच्या आणि अन्ननलिकेच्या वरच्या भागातल्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून गिळायला पुन्हा त्रास झाला तर या वेळच्या अनुभवाला घाबरून तपासणी टाळू नका; फक्त आधीच सांगा की मागच्या वेळी डायलेटेशननंतर मान दुखली होती.

सीटीत काय निघालं ते जमल्यास इथेच कळवा. पुढचं काय करायचं ते त्यावर सांगता येईल.